हबमधल्या शिमा आणि नटाचे एकच काम

गेल्या हिवाळ्यात माझ्या मित्राची 1968 सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार माझगावच्या एका गोदामवजा गॅरेजमध्ये चार महिने मुक्कामाला होती, आणि त्यांपैकी जवळजवळ तीन महिने आम्ही भलत्याच जागी दोष शोधत होतो. तक्रार वरवर पाहता साधी होती. सरळ रस्त्यावर ब्रेक व्यवस्थित लागत असे. मात्र केम्प्स कॉर्नरचे वळण उतरून आल्यावर पहिल्यांदा पाय ठेवला की पेडल अर्ध्यापर्यंत खाली जात असे आणि लगेच दुसऱ्यांदा दाबले की नेहमीच्या उंचीवर येत असे. आम्ही मास्टर सिलिंडरचे रबर बदलले, तीन वेळा हवा काढली, ब्रेकचे तेल बदलले, आणि प्रत्येक वेळी वळणानंतरचे ते पहिले पेडल आमची थट्टा करत राहिले.

दोष ब्रेकमध्ये नव्हताच. पुढचे चाक ज्या दोन बेअरिंगांवर फिरते त्यांच्यात नको इतकी मोकळीक होती. वळणावर बाजूने दाब आला की हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, किंचित तिरका होई, त्याच्याबरोबर ब्रेकची डिस्क हले, आणि हलणारी डिस्क दोन्ही बाजूंच्या पॅडना कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यात, मागे ढकले. मग पहिल्यांदा पेडल दाबताना पायाचा निम्मा प्रवास पॅड पुन्हा डिस्कपर्यंत आणण्यातच संपे. ही गोष्ट मला आधी सुचायला हवी होती, कारण चाक जॅकवर उचलून वरचे आणि खालचे टोक धरून हलवून पाहणे ही तपासणी पाच मिनिटांची आहे. आम्ही ती केली तेव्हा चाक स्पष्ट डुलत होते. या गाडीत किंगपिन, म्हणजे पुढचे चाक जिच्याभोवती वळते ती खुंटी, असल्यामुळे ते डुलणे नेमके कुठले हे ठरवण्यासाठी एकाने आत बसून ब्रेक दाबून धरला. ब्रेक दाबल्यावर हब आणि कॅलिपर एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे डुलणे थांबले तर दोष बेअरिंगचा आणि तरीही राहिले तर किंगपिनचा किंवा त्याच्या बुशांचा. आमचे डुलणे थांबले.

हब उघडल्यावर जे दिसले, किंवा खरे तर जे दिसले नाही, त्याबद्दल हा लेख आहे. आतल्या आणि बाहेरच्या बेअरिंगच्या मध्ये स्टब ॲक्सलवर, म्हणजे चाक ज्यावर फिरते त्या आखूड दांड्यावर, एक पोलादी नळी असायला हवी होती आणि त्या नळीच्या व बाहेरच्या बेअरिंगच्या मध्ये पातळ चकत्या, म्हणजे शिमा, असायला हव्या होत्या. दोन्ही गायब होते. पूर्वी कधीतरी कोणत्या तरी गॅरेजमध्ये ग्रीस बदलताना हे सुटे भाग निरुपयोगी समजून बाजूला ठेवले गेले असावेत. नट बोटांनी फिरेल इतका सैल होता आणि नट फिरू नये म्हणून ॲक्सलच्या भोकातून घालतात ती स्प्लिट पिन तेवढी नियमाप्रमाणे बसवलेली होती.

गॅरेज ज्यांचे आहे त्या चाचांनी आयुष्यभर टॅक्सी दुरुस्त केल्या आहेत. ताडदेवच्या आरटीओत 2003 साली शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून 2023 मध्ये ती जात रस्त्यावरून उठली. त्या सगळ्या काळात त्यांच्या हातून किती हब गेले असतील याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. त्यांचे म्हणणे सरळ होते. "साहेब, नट आवळायचा, चाक फिरवत राहायचं, जड लागलं की थोडा मागे घ्यायचा आणि पिन मारायची. त्यात या पत्र्या कशाला?" या पद्धतीत चूक काहीच नाही, असंख्य गाड्यांचे हब नेमके याच पद्धतीने जुळवायचे असतात. परंतु एमजीबीचा हब त्या जातीचा नाही, आणि तो का नाही हे चाचांना पटवताना मला स्वतःलाही ते पहिल्यांदाच नीट समजले.

चाकाच्या हबमध्ये जी बेअरिंगे असतात त्यांचे रोलर सरळ दंडगोल नसून एका बाजूला किंचित निमुळते असतात. हेन्री टिमकेन या घोडागाड्या बांधणाऱ्या अमेरिकन कारागिराने 1898 साली अशा बेअरिंगचे पेटंट घेतले. ते एका गाडीवाल्याला सुचावे हे मला अगदी स्वाभाविक वाटते. गाडी वळताना चाकावर फक्त वरून वजन येत नाही, बाजूनेही रेटा येतो, आणि सरळ रोलर तो रेटा पेलू शकत नाहीत. निमुळत्या रोलरमध्ये आतल्या कड्याची, ज्याला कोन (इंग्रजी cone) म्हणतात, व बाहेरच्या कड्याची, म्हणजे कपची, पृष्ठेही त्याच उतारावर तासलेली असतात आणि ते सगळे उतार वाढवत नेले तर ॲक्सलच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. म्हणून रोलर न घसरता फिरतो आणि दोन्ही दिशांचा भार घेतो. मात्र असे एक बेअरिंग एकाच बाजूचा रेटा थोपवू शकते, म्हणून ती जोडीने, एकमेकांच्या उलट तोंडाने बसवावी लागतात. हबमध्ये दोन्ही कप आत पक्के ठोकलेले असतात आणि दोन्ही कोन बाहेरच्या बाजूंनी त्यांत शिरतात.

आता या रचनेची गंमत अशी की कोन कपात किती खोल शिरला यावरच मोकळीक ठरते. दोन कोन एकमेकांच्या जवळ आले की मोकळीक कमी होते, दूर गेले की वाढते. मोकळीक शून्याच्या खाली गेली तर रोलर दाबले जातात, गाडी थोडी धावल्यावर हब तापतो, ग्रीस पातळ होऊन निथळते, रोलरवर निळसर झाक येते आणि शेवटी कोनच ॲक्सलवर फिरू लागून त्याला खातो. मोकळीक जास्त झाली तर आमच्यासारखे पेडल बुडते, चाक डुलते, आणि भार सगळ्या रोलरांवर सारखा न पडता थोड्यांवर पडल्याने बेअरिंग लवकर खराब होते. एमजीबीसाठी कारखान्याने ठरवलेली मोकळीक एका इंचाच्या दोन ते चार सहस्रांश, म्हणजे सुमारे 0.05 ते 0.10 मिलिमीटर, इतकी आहे. त्या पट्ट्याची मधली जागा साधारण वर्तमानपत्राच्या एका कागदाच्या जाडीइतकी भरते.

माझे वडील परळच्या एका गिरणीत फिटर होते आणि त्यांच्या तोंडी दोन मापे असत: ढोबळ कामाला सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि बारीक कामाला थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. चाचाही हीच मापे बोलतात, त्यामुळे पुढचा हिशेब आम्ही थाऊमध्येच केला.

नट फिरवून ही मोकळीक साधायची म्हटले तर काय होते ते पाहू. समजा आट्यांची घनता इंचाला अठरा आहे. नट एक पूर्ण फेरा फिरला की तो इंचाचा अठरावा भाग, म्हणजे साधारण 56 थाऊ, पुढे सरकतो. नटाला सहा खाचा असतात आणि पिन त्यांपैकी एकीतच बसणार, म्हणून एका खाचेवरून पुढच्या खाचेवर जाणे म्हणजे एकदम नऊ थाऊंची उडी. ॲक्सलला काटकोनात दोन भोके असली तर ही उडी निम्मी होते, तरीही साडेचार थाऊंच्या खाली येत नाही. आपल्याला हवी आहे ती जागा दोन थाऊ रुंद. म्हणजे खाच बरोबर हव्या त्या ठिकाणी येणे हा निव्वळ नशिबाचा भाग झाला. शिवाय नट सैल असल्यामुळे कोन ॲक्सलवर हळूहळू सरकत, घासत राहतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात हिंदमाताच्या पाण्यातून एकदा गाडी गेली की त्या फटीत पाणी आणि बारीक वाळू शिरते, जिने पॉलिश केलेला ॲक्सल काही वर्षांत कानस लावल्यासारखा होतो.

एमजीबीच्या आरेखकांनी नटाच्या अंगावरून हे ओझे काढून घेतले. दोन कोनांच्या मध्ये नळी आणि शिमा टाकल्या की नट आवळल्यावर बाहेरचा कोन, शिमा, नळी, आतला कोन आणि ॲक्सलचा खांदा हे सगळे एकमेकांना घट्ट टेकतात आणि जणू एकच दांडा बनतो. यानंतर नट आणखी आवळला तरी कोन जवळ येऊ शकत नाहीत, कारण मध्ये पोलाद उभे आहे. मोकळीक किती हे नळी अधिक शिमांची लांबी ठरवते, आणि नटाकडे फक्त दाबून धरण्याचे काम उरते. म्हणूनच या नटाचे टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, 40 ते 70 पौंड-फूट, म्हणजे साधारण 54 ते 95 न्यूटन-मीटर, इतके भरघोस दिलेले आहे, जे निव्वळ रोलरांवर टाकले असते तर चाक हलले नसते. हा पल्ला एवढा मोठा का, हे मला फार दिवस कोडे होते. त्याचे उत्तर पिनमध्ये आहे: 40 पर्यंत आवळा, आणि मग खाच भोकासमोर येईपर्यंत पुढे जात राहा, मध्ये कुठेही थांबलात तरी मोकळीक तीच राहते. हे समजले तेव्हा चाचा पहिल्यांदा गप्प झाले आणि नंतर मागवून आणलेली नळी हातात घेऊन उजेडाकडे धरून बघू लागले.

जाणकारांत एक वाद असतो की ही नळी मोकळीक ठरवण्यासाठी आहे की स्टब ॲक्सल कणखर करण्यासाठी. कणखरपणाचा मुद्दा असा की नट आवळल्यावर ॲक्सल ताणाखाली आणि नळी दाबाखाली येते, आणि वळणावर ॲक्सल वाकू पाहतो तेव्हा त्या वाकण्याला एकटा बारीक दांडा नव्हे तर दांडा आणि नळी मिळून विरोध करतात, त्यामुळे ॲक्सलच्या मुळाशी, जिथे तडे जाण्याची भीती असते, तिथला ताण कमी होतो. हे तत्त्व मला पटते. दाबही काही थोडाथोडका नाही: सोळा मिलिमीटर व्यासाचा आटा आणि 70 न्यूटन-मीटर टॉर्क धरला तर ढोबळ हिशेबाने दोन टनांच्या आसपास बल त्या नळीवर असते. पण मुंबईच्या रस्त्यांवर ताशी 60 किलोमीटरने चालणाऱ्या गाडीबद्दल मला विचाराल तर मी मोकळीकीचा मुद्दा आधी ठेवीन. नळी काढून टाकून हब साध्या पद्धतीने जुळवणारे लोक आहेत आणि त्यांच्या गाड्या चालतातही. आमची गाडीसुद्धा चालत होतीच, फक्त वळणानंतर थांबत नव्हती.

यावर चाचांनी जो प्रश्न विचारला तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला प्रश्न होता. "मग कारखान्यानं नळीच बरोबर लांबीची का नाही केली? शिमा घालायची पाळी आपल्यावर का?"

याचे उत्तर असे की बरोबर लांबी अशी काही नसतेच. ती प्रत्येक हबची वेगळी असते. साधारण दर्जाच्या निमुळत्या बेअरिंगच्या एकूण जाडीत 0.2 मिलिमीटरपर्यंत फरक मान्य धरला जातो, आणि असे बेअरिंग हबमध्ये दोन, म्हणजे नुसत्या बेअरिंगांमुळेच 0.4 मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. हबच्या आत कप ज्या खांद्यांवर टेकतात त्या खांद्यांमधले अंतर यंत्रावर कापताना थोडे कमीजास्त होते. नळीचीही तीच कथा. शिवाय उताराचा एक छुपा गुणाकार असतो: कप हबमध्ये घट्ट ठोकल्यामुळे तो थोडा आवळला जातो, आणि उतार पंधरा अंशांचा असेल तर त्रिज्येत एक शतांश मिलिमीटरचा फरक लांबीच्या दिशेने जवळजवळ पावणेचार शतांश होऊन दिसतो. हे सगळे फरक एकत्र करून 0.05 मिलिमीटरच्या पट्ट्यात आणायचे म्हणजे प्रत्येक भाग इतक्या काटेकोरपणे घडवावा लागला असता की गाडीची किंमत भलतीच झाली असती. 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनला एमजीबी पाच लाखांहून जास्त संख्येने बनल्या. तिथे स्वस्त मार्ग एकच होता, भाग साधारण अचूक करायचे आणि जोडणाऱ्याच्या हातात चार मापांच्या चकत्या द्यायच्या. आजच्या गाड्यांत हब आणि बेअरिंग एकाच बंद नगाच्या रूपात येतात, मोकळीक कारखान्यातच ठरलेली असते आणि मेकॅनिकने फक्त नट आवळायचा असतो. म्हणजे शिमा नाहीशा झाल्या असे नाही, ते मोजमाप आपल्या नजरेआड गेले.

बेअरिंगे नागदेवी स्ट्रीटवर मिळाली; दुकानदाराने कागदावरचा आकडा पाहून मागे न वळता हात घालून डबे काढले, हे कौशल्य मला नेहमी चकित करते. नळी आणि शिमा मात्र तिथे नव्हत्या. पितळी शिमचा पत्रा मिळत होता, आणि कातरून वापरण्याचा मोह झाला, पण कात्रीने कापलेल्या चकतीच्या कडेला जी बारीक धार उभी राहते तीच दोन-तीन थाऊंची असते, आणि दोन टनांच्या दाबाखाली मऊ पितळ कालांतराने चेपेल ही शंकाही होती. चेपले की मोकळीक घटणार, आणि ती नकळत घटणार. शेवटी नळी आणि पोलादी शिमांचा संच इंग्लंडहून टपालाने मागवला. शिमा 3, 5, 10 आणि 30 थाऊ अशा जाडीच्या असतात. पाकिटावर छापलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवता प्रत्येक शिम मायक्रोमीटरने मोजली, आणि 3 म्हणून आलेल्यांपैकी एक साडेतीनची निघाली.

जुळवणीच्या दिवशी पहिला वाद ग्रीसवरून झाला. चाचा सवयीप्रमाणे बेअरिंगात ग्रीस भरायला निघाले होते. मोजताना ग्रीस नको, कारण जाड ग्रीस रोलरांच्या मध्ये उशीसारखे बसते आणि तेवढी मोकळीक मोजपट्टीला दिसतच नाही; पातळ तेलाचे दोन थेंब पुरेत. आधी नळी असताना पण शिमांशिवाय सगळे बसवून, चाक फिरवत फिरवत, बेअरिंग जड लागेपर्यंत नट आवळला. याचा हेतू मोजणे हा नसून दोन्ही कप आपापल्या खांद्यावर पूर्ण टेकवणे हा आहे. ही पायरी गाळली तर कप पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये हळूच मागे बसतात आणि सगळा हिशेब वाया जातो. मग नट, वॉशर आणि बाहेरचा कोन काढून मुद्दाम जास्त, म्हणजे 30 आणि 10 अशा मिळून 40 थाऊंच्या शिमा घातल्या, पुन्हा सगळे बसवून पूर्ण टॉर्क दिला, आणि चुंबकी पायाचा डायल गेज, म्हणजे सुईने बारीक हालचाल दाखवणारे माप, ब्रेक डिस्कला चिकटवून त्याचे टोक ॲक्सलच्या तोंडाला लावले. हब दोन्ही हातांनी आत-बाहेर ओढताना, जरासा फिरवत, सुईचा प्रवास पाहायचा. डाव्या चाकाला तो 12 थाऊ आला.

हवे होते 3, म्हणजे 9 कमी करून शिमांची बेरीज 31 व्हायला हवी. चाचा म्हणाले, एक तीसची टाका आणि सोडा. ते तत्त्वतः चूक नव्हते, कारण शिमा जितक्या कमी तितके जोड कमी आणि जोडात अडकणारी धूळही कमी. पण मग मोकळीक 2 वर, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर आली असती, आणि आमच्या गेजच्या अर्ध्या थाऊवर मी पैज लावायला तयार नव्हतो. तीस आणि तीन मिळून 33 घातले तर मोकळीक 5, म्हणजे मर्यादेबाहेर. शेवटी 10, 10, 5, 3 आणि 3 अशा पाच शिमा घातल्या, प्रत्येक पुसून. त्या साडेतीनवालीला मी दूर ठेवले. पुन्हा मोजले तेव्हा सुई सव्वातीनवर आली आणि चाचांनी चहा मागवला. उजव्या चाकाने काही त्रास दिला नाही. 40 वर मोकळीक 10 आली, म्हणून तिथे 33 घालून काम झाले. एकाच गाडीची दोन चाके, एकाच कारखान्याची बेअरिंगे, आणि दोन थाऊंचा फरक.

त्यानंतर सगळे सोडून, बेअरिंगे रॉकेलने धुऊन, वाळवून त्यांत ग्रीस भरले. ते तळहातावर घेऊन रोलरांच्या पिंजऱ्यात बाजूने दाबत भरावे लागते, वरून फासून चालत नाही. बाहेरची टोपी मात्र ग्रीसने गच्च भरायची नाही, कारण तापल्यावर फुगणाऱ्या ग्रीसला जागा लागते, नाहीतर ते आतल्या सीलमधून निघून थेट ब्रेकच्या डिस्कवर येते. सील नवे टाकले. पुढे पावसाळा होता. कोन आणि कप यांच्या जोड्या आणि त्यांच्या शिमा यांची कुठेही सरमिसळ होऊ दिली नाही.

गाडी पहिल्यांदा बाहेर काढली ती एका रविवारी पहाटे साडेपाचला. तीन बत्तीवरून खाली चौपाटीपर्यंत येताना मी प्रत्येक वळणानंतर मुद्दाम ब्रेक दाबला, आणि पेडल प्रत्येक वेळी तिथल्या तिथे, वर होते. चौपाटीला थांबून दोन्ही हबच्या टोप्यांना हात लावून पाहिला: कोमट, दोन्ही सारख्या. मित्र शेजारी बसून झोपेतच होता आणि त्याला फरक कळला नाही, याचे मला थोडे वाईट वाटले.

उरलेल्या शिमा चाचांनी एका औषधाच्या पाकिटात घालून त्यावर लाल शाईने "डावा 31, उजवा 33" असे लिहिले आणि ते पाकीट बाकाच्या वरच्या खिळ्याला लटकवले. सहाशे किलोमीटरनंतर हब पुन्हा तपासायला गाडी नेली तेव्हा ते पाकीट तिथेच होते. त्यावर त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली होती: "ग्रीस नंतर".